बहावा फुलला तर येईन

दिवाळीच्या अंकात फुलांवर लिहायचे तर झेंडूवर लिहावे, शेवंतीवर लिहावे. निदान लक्ष्मीपूजनाला लागणाऱ्या कमळावर तरी लिहावे. पण यंदा ज्या झाडावर लिहायचे मनात आहे, ते या घडीला अगदी बिनफुलाचे माझ्या अंगणात उभे आहे. नुसती हिरवी पाने, आणि त्यांतून लोंबणाऱ्या हात-हात लांबीच्या हिरव्या शेंगा. फराळाला येणारी मंडळी फाटकातूनच विचारतात, "सर, शेवगा लावला वाटतं?" मी म्हणतो, "शेवगा नव्हे, बहावा." त्यावर पाहुणे "असं का!" म्हणतात आणि चिवड्याकडे वळतात. त्यांचे तरी काय चुकले? बहाव्याला ओळखायचे ते मे महिन्यात. बाकीचे अकरा महिने हे झाड स्वतःविषयी काही बोलत नाही.

निदान बोलत नाही असे आपल्याला वाटते. मी गेली काही वर्षे या एका झाडाच्या सहवासात काढली आहेत, आणि माझे मत आता निराळे झाले आहे. अंगणात एकच झाड लावण्याइतकी जागा असेल आणि बाराही महिने त्याच्याकडे पाहावेसे वाटावे अशी इच्छा असेल, तर वऱ्हाडातल्या माणसाने बहावा लावावा. गुलमोहर देखणा खरा; पण तो मादागास्करहून आलेला पाहुणा. त्याची मुळे वरवर पसरतात आणि वळवाच्या वावटळीत त्याच्या फांद्या काडकाड मोडतात. बहावा इथलाच. परतवाड्याहून मेळघाटात चढू लागा, नाहीतर अमरावतीजवळच्या पोहऱ्याच्या जंगलात उन्हाळ्यात शिरा. सागाची पाने गळून सारे रान खंगलेले असते, आणि त्या उजाड पार्श्वभूमीवर मध्येच एखादे झाड पिवळ्या झुंबरांनी लगडलेले दिसते. त्याला पाणी कुणी घातले, खत कुणी दिले? कुणीच नाही.

मी मराठीचा मास्तर असल्यामुळे नावांचे वेड सुटत नाही. अमरकोशाने या झाडाला आठ नावे दिली आहेत. आरग्वध, राजवृक्ष, कृतमाल, सुवर्णक, व्याधिघात ही त्यांतली काही. सोन्यासारखा म्हणून सुवर्णक, आणि रोगाचा नाश करतो म्हणून व्याधिघात. शेंगेतला काळा, चिकट मगज सौम्य रेचक म्हणून वैद्य शतकानुशतके वापरीत आले; अर्थात तो वैद्याच्याच हातून घ्यावा, घरच्या घरी प्रयोग करू नयेत. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या तिसऱ्या सर्गात ज्या कर्णिकाराला रंग असून गंध नाही म्हणून हळहळ व्यक्त केली, तो कर्णिकार म्हणजे बहावाच, असे पुष्कळ जण मानतात. वर्गात मीही ते ठासून सांगत असे. पुढे अमरकोश नीट उघडून पाहिला, तेव्हा ध्यानात आले की कर्णिकाराची नोंद तिथे आरग्वधाहून वेगळी आहे. तेव्हापासून मी "असे मानतात" एवढेच सांगतो. लिनीअसने १७५३ साली या झाडाला 'कॅशिया फिस्टुला' हे शास्त्रीय नाव दिले. फिस्टुला म्हणजे नळी. सगळ्या जगाला ज्याचे फूल भुरळ घालते, त्या झाडाचे नाव शास्त्रज्ञाने शेंगेवरून ठेवावे, ही मोठी गंमत आहे! केरळात विषूच्या सणाला हीच फुले देवापुढे ठेवतात. ते त्या राज्याचे फूल आहे. थायलंडने तर त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला आहे. आमच्या महाराष्ट्राने राज्यफूल म्हणून ताम्हण निवडले. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण कोरड्या वऱ्हाडाची बाजू मांडायला तिथे कुणी नव्हते की काय, अशी शंका मनात येते.

असो. आता मूळ हकीकत सांगतो.

२०१३ साली आमची आई गेली. बाबा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घरात एकटे राहिले. ते प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. शाळेत पुस्तकी मराठी बोलत, घरी अस्सल वऱ्हाडी. मी इकडे अमरावतीला, म्हणजे मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून जेमतेम शंभर किलोमीटरांवर. पण एकट्या माणसाच्या बाबतीत शंभर किलोमीटर काही थोडे नसतात. "ते घर विकून टाका आणि आमच्याकडे राहायला या," असा लकडा मी आणि सौ.ने लावला होता. बाबा हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत.

२०१४ च्या मार्चमध्ये आम्ही त्यांना नरनाळा किल्ला दाखवायला नेले. अकोट ओलांडून शहानूरकडे जाताना रस्त्याकडेच्या एका झाडाखाली गाडी थांबविली. खाली काळ्याभोर, वाळलेल्या शेंगा पडल्या होत्या. बाबांनी एक उचलली आणि कानाशी नेऊन खुळखुळविली. तेवढ्यात मी पुन्हा घराचा विषय काढला. त्यांनी ती शेंग माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "हे लाव तुह्या अंगणात. बहावा फुलला का येतो मी राहाले."

मला मोठा आनंद झाला. बहाव्याला बियांपासून फुलावर यायला सहा-आठ वर्षे सहज लागतात, हे त्यांना ठाऊक होते आणि मला नव्हते.

शेंग फोडली. आत पातळ पडद्यांचे कप्पे, आणि एकेका कप्प्यात एकेक चपटी, तांबूस, गुळगुळीत बी. जून लागताच वीस पिशव्या भरल्या, वीस बिया टोचल्या. आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती बसले; एकही कोंब वर आला नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पूर्वी नोकरी केलेले एक गृहस्थ ओळखीचे होते. त्यांना हे सांगितले, तेव्हा ते पोट धरून हसले. म्हणाले, "मास्तर, ती बी नव्हे, बंद पेटी आहे. किल्ली लावल्याशिवाय उघडायची नाही."

किल्ली म्हणजे कानस. बहाव्याच्या बीचे कवच इतके घट्ट असते की त्यातून पाणी आत शिरत नाही, आणि बी मातीत वर्ष-वर्ष तशीच पडून राहते. रानात हे काम जनावरे करतात. वानरे, अस्वले, कोल्हे गोड मगजासाठी शेंग फोडतात, बिया मगजाबरोबर पोटात जातात, आणि तिथून बाहेर पडलेल्या बियांचे कवच नरम झालेले असते. अंगणात अस्वल पाळण्याची सोय नसल्यामुळे आपण कानस किंवा पॉलिशपेपर घ्यावा, बीच्या एका कडेचे कवच आतला पांढुरका भाग दिसेपर्यंतच घासावे, आणि बी रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवावी. जिथे बीचे टोक देठाला चिकटलेले असते, ते टोक मात्र घासू नये. अंकुर तिकडूनच येतो. उरलेल्यांपैकी बारा बिया मी अशा घासल्या. सकाळी नऊ टम्म फुगल्या होत्या. पंधरवड्यात त्यांतल्या सात उगवल्या.

रोपवाटिकेतून तयार रोप आणणाऱ्यांनी पान पाहून घ्यावे. पुष्कळदा बहावा म्हणून पिवळा गुलमोहर गळ्यात मारला जातो. पिवळ्या गुलमोहराचे पान चिंचेसारखे बारीक-बारीक दलांचे असते आणि त्याचे तुरे आभाळाकडे उभे राहतात. बहाव्याची दले तळहाताएवढी, एका देठावर चार ते आठ जोड्या, आणि फुले खाली लोंबणारी.

वर्षभर पिशवीत वाढवून, २०१५ च्या जुलैत त्यांतले सर्वांत धट्टेकट्टे रोप मी जमिनीत लावले. भिंतीपासून पंधरा फूट अंतर सोडले, कारण हे झाड सहज तीस-चाळीस फूट जाते. ऊन दिवसभर मिळेल अशी जागा. दोन फूट लांब, तितकाच रुंद, तितकाच खोल खड्डा. आमची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून कोवळी मुळे ताणते. म्हणून खड्ड्यात निम्मा मुरूम आणि शेणखत मिसळले, आणि उन्हाळ्यात बुंध्याभोवती वाळल्या पाल्याचा जाड थर पसरला. बहाव्याचे सोटमूळ लवकर खोल जाते. म्हणून रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावावे. मोठे झालेले झाड उपटून दुसरीकडे लावले तर बहुधा मरते. हा मुद्दा मी बाबांना फोनवर मोठ्या ऐटीत समजावून सांगितला होता. तो त्यांनी लक्षात ठेवला, हे मला पुढे कळले.

पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी दिले. रोज तांब्या-तांब्याने घातलेले पाणी मुळांना वरच थांबायची सवय लावते. तेही स्वयंपाकघरातले धुण्याचे पाणी, कारण अकोल्याहून ताकीद होती. अकोल्याचे पाणी काटेपूर्णेवरच्या महानच्या धरणातून येते, आणि धरण आटले की पाण्याचा थेंब मोजायची सवय तिथल्या माणसाच्या अंगात मुरलेली असते. बकऱ्या या झाडाला सहसा तोंड लावीत नाहीत, हा आमच्या मोहल्ल्यात मोठाच फायदा. पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या आल्या आणि अर्धे झाड चाळणीसारखे झाले. औषध फवारायला निघालो होतो, तोच धाकटीने वहीत लिहून दाखविले, की यांचीच पुढे पिवळट पांढरी फुलपाखरे होतात. फवारणी रद्द झाली. महिन्याभरात पाने परत आली, आणि फुलपाखरेही.

मग आला २०१९ चा उन्हाळा. झाड नऊ फुटांचे झाले होते. त्या वर्षी मार्चअखेर त्याने पान न् पान टाकून दिले. एप्रिल उजाडला, पारा चाळिशीच्या पुढे गेला, आणि ज्या दिवसांत सावलीची खरी गरज त्याच दिवसांत आमच्या अंगणात एक काळपट काठी उभी. माळी आला, त्याने झाडाकडे पाहून मान हलविली. "सर, हे झाड गेलं आता. काऊन पाणी घालता त्याले? काढून टाका." शेजारी म्हणाले, सप्तपर्णी लावा, बाराही महिने हिरवी असते. सौ. काही बोलली नाही, पण तिच्या मनात गाडीसाठी छप्पर घालायचे होते. मे उजाडला तरी कोंब दिसेना. एका रविवारी माळ्याला कुऱ्हाड घेऊन बोलाविले. आणि का कोण जाणे, आधी अकोल्याला फोन केला.

बाबा एवढेच म्हणाले, "नख लाव."

"म्हणजे?"

"फांदीले नख लाव. साल खरवड. खालून हिरवं निंगालं तर जितं हाय. काही झाडं उन्हाळ्यात मेल्यावानी दिसतात रे बापू. त्यायले मेलं समजाचं नाही."

मी खुर्चीवर चढून एका फांदीला नख लावले. राखाडी सालीखाली कोवळी, ओलसर हिरवी रेघ उमटली. माळ्याला चहा पाजून परत पाठविले. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्या काठीला तांबूस, चकचकीत पालवी फुटली. नवे पान आधी तांबूस, मग पोपटी, मग गर्द हिरवे होते. फुलांच्या आधी बहावा हा एक सोहळा दाखवितो, आणि आपण कुऱ्हाड शोधत असतो!

पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, टाळेबंदी आली. बाबा अकोल्याला अडकले, मी इकडे. रोज सकाळी आठला फोन करी. "तब्येत बरी आहे ना?" असे विचारले की ते चिडत. म्हणून मी झाडाची बातमी सांगू लागलो. आज इतकी पाने गळाली, आज एका फांदीवर पालवी आली. ते खोदून खोदून प्रश्न विचारीत. दोन महिने आम्ही बापलेक फक्त बहाव्याविषयी बोललो. आवाज ठणठणीत आहे, दम लागत नाही, एवढे मला त्यातून कळे, आणि मी फोन ठेवून देई.

२०२२ च्या मे महिन्यात झाडाला तीन झुंबरे लागली. पाच पाकळ्यांची, हळदीच्या रंगाची फुले. मधे दहा केसर, त्यांतले तीन लांब आणि आकड्यासारखे वळलेले. सकाळी काळे भुंगे येऊन त्यांवर गुणगुणत. मी धावत फोन लावला. "बाबा, फुलला!"

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग, "किती झुंबरं?"

"तीन."

"तीन म्हंजे काही फुलणं नाही. अख्खं झाड पिवळं झालं पाह्यजे."

मी चरफडलो, पण झाडाला विचारून घ्यायचे ठरविले. फुलोरा जुन्या, पाने गळालेल्या फांद्यांवर येतो, म्हणून छाटणी करायची तर बहर संपल्याबरोबर करावी. हिवाळ्यात केली की पुढच्या वर्षीची फुले आपल्याच हाताने कापली जातात. फेब्रुवारीपासून पाणीही तोडले. रुजलेल्या बहाव्याला उन्हाचा ताण बसला की तो अधिक फुलतो. २०२३ च्या मे महिन्यात झाडावर पान दिसेना, इतका तो फुलला. रस्त्याने जाणारे लोक थांबू लागले. फाटकापाशी पाकळ्यांचा पिवळा सडा पडे, आणि झाडायला सौ. तयार होईना.

फोन केला. "बाबा, आता अख्खं झाड पिवळं आहे. घराचं काय करायचं?"

तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बापू, तूच सांगितलं होतं ना मले, का मोठं झाड उपटून दुसरीकडे लावू नये म्हणून?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. नऊ वर्षे ज्या फुलाची वाट पाहिली, ते फूल समोर होते, आणि ज्याच्यासाठी पाहिली तो माणूस येणार नव्हता. त्या रात्री मी जेवलो नाही, हे कबूल करतो.

चौथ्या दिवशी सकाळी फाटक वाजले. बाबा उभे होते. हातात एकच पिशवी. आत न येता ते झाडाखाली जाऊन उभे राहिले. "राहाले नाही आलो," म्हणाले, "पाहाले आलो." बहर ओसरला तरी ते राहिले. बहावा फुलला की दीड महिन्याने पाऊस येतो, असे लोक म्हणतात. बाबांनी कॅलेंडरवर खूण केली. पण त्या वर्षी मोसमी पाऊस विदर्भात पोचायला जूनचा तिसरा आठवडा उलटला, आणि लोकांचा तो हिशेब आमच्या अंगणात तरी चुकला. पहिली सर येऊन गेल्यावर ते पिशवी उचलून अकोल्याला परतले.

तेव्हापासून दर मे महिन्यात ते येतात आणि पावसाबरोबर जातात. घर विकण्याचा विषय मी पुन्हा काढलेला नाही. उरलेल्या दिवसांत झाडाची बातमी मीच फोनवर सांगतो. पावसाळ्यात गर्द पाने, दिवाळीला हिरव्या शेंगा, संक्रांतीपर्यंत त्याच शेंगा काळ्या, होळीनंतर पानगळ. पान गळू लागले की हल्ली मला वाईट वाटत नाही. बाबा यायचे दिवस जवळ आले, एवढेच त्यावरून कळते.

आता तुम्हाला लावायचा असेल तर पौष-माघात रस्त्याकडेच्या झाडाखाली काळी शेंग शोधा, कानस जवळ ठेवा, आणि मुख्य म्हणजे उन्हाळ्यात कुऱ्हाड लपवून ठेवा.

यंदा जूनमध्ये निघताना बाबांनी झाडावर राहिलेली एक काळी शेंग काढून पिशवीत टाकली. गणपतीत फोन आला. बिया घासल्या, भिजविल्या, तीन उगवल्या. एक परसात लावायची आहे. बाबांनी आता ऐंशी ओलांडली आहे. मी काही बोलणार, तोच ते म्हणाले, "फुललं का कळवतो. मंग तू ये इकडे राहाले."